'काल्पनिक कादंबरी' म्हणावे का?

अलीकडे वाचलेल्या तीन कादंबऱ्यांवर अभिप्राय लिहिताना एका वाचकाला अडचण आली आहे. एकीत मांत्रिकांचे राज्य आहे, दुसरीत ताऱ्यांदरम्यान फिरणारे यान आहे, तर तिसरीत यानही आहे आणि भविष्य जाणणारी योगिनीही. तिन्हींना 'काल्पनिक कादंबरी' म्हटले तर चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते चालणार नाही. कादंबरी मुळात कल्पितच असते. त्यामुळे 'काल्पनिक' हे विशेषण लावून तिच्याविषयी नवे काही कळत नाही. 'कल्पनारम्य' हा शब्द निदान गुण सांगतो, पण तो चांगल्या प्रेमकथेलाही लागू पडतो. मांत्रिकांच्या राज्याची कादंबरी ही 'अद्भुतिका' होय. नाट्यशास्त्रातील आठ रसांत अद्भुत आहे आणि विस्मय हा त्याचा स्थायिभाव आहे, म्हणजे या शब्दाला आधार जुना आहे. 'नाटिका' या शब्दामुळे 'इका' प्रत्यय लहानपणा दाखवतो असे वाटून सहाशे पानांच्या ग्रंथाला 'अद्भुतिका' म्हणायला काही जण कचरतात. परंतु 'शोकांतिका' पाच अंकांची असली तरी कोणी हरकत घेत नाही. शिवाय 'कादंबरी' हे नावच बाणभट्टाच्या ज्या गद्यकाव्यावरून मराठीत आले, त्याची नायिका गंधर्वकन्या आहे आणि त्यातली बरीचशी कथा एक पोपट सांगतो!

यानाच्या कथेला 'विज्ञानकादंबरी' म्हणावे आणि ते एकच पद लिहावे. 'विज्ञानकथा' हा शब्द अधिक रुळलेला असला, तरी त्याने लघुकथाच डोळ्यांसमोर येते. 'वैज्ञानिक कादंबरी' मात्र टाळावे, कारण त्यातून कादंबरीच शास्त्रशुद्ध असल्याचा भास होतो.

खरा पेच तिसऱ्या पुस्तकाचा आहे. तेथे यान आहे की नाही यापेक्षा अशक्य गोष्टीचा उलगडा लेखक कसा करतो, हे पाहावे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर आहे. तो ओलांडण्यासाठी लेखकाने अवकाश वाकवण्याची युक्ती योजली असेल, तर ती कितीही शंकास्पद असली तरी बाज विज्ञानाचा राहतो. तेच काम योगिनीच्या मंत्राने होत असेल, तर यंत्रांची रेलचेल असूनही ती अद्भुतिकाच ठरते. मराठीत विशेष्य शेवटी येत असल्याने हा निवाडा शब्दक्रमातूनच दाखवता येतो: 'अद्भुताकडे झुकणारी विज्ञानकादंबरी' आणि 'विज्ञानाचा साज चढवलेली अद्भुतिका' ही दोन वेगळी मते आहेत. योगिनीचे भाकीत खरे ठरण्यामागे कादंबरीत कोणतेही कारण दिलेले नाही, असे वाचकाने कळवले आहे. तेव्हा मी दुसरे वर्णन निवडेन.