सुभेदार साहेब आणि पंचविशीतला मॅनेजर

"फौजेत एवढी वर्षं काढली, पण बाहेर आमची किंमत शून्य." समुपदेशनासाठी येणाऱ्या निवृत्त फौजींकडून हे मी वरचेवर ऐकते. पुण्यात ही मंडळी भरपूर. सदर्न कमांडचं मुख्यालय इथंच, खडकीला लष्कराच्या इंजिनिअर जवानांचं बॉम्बे सॅपर्स, आणि नोकरीत असतानाच अनेकांनी दिघी-धानोरीकडं फ्लॅट घेऊन ठेवलेले. त्यातल्याच एका सुभेदारांची ही हकिगत, ओळख पटू नये इतपत तपशील बदलून.

मूळचे सातारा जिल्ह्यातले. एकोणिसाव्या वर्षी भरती, २८ वर्षं सेवा, सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी. शेवटी ते एमटीचे, म्हणजे पलटणीच्या वाहन विभागाचे, जेसीओ (जवान आणि अफसर यांच्या मधले अधिकारी) होते: गाड्या, ड्रायव्हर, डिझेलचा हिशेब, सगळं त्यांच्या सहीनं. चाकणच्या एका वाहतूक कंपनीत यार्ड सुपरवायझरची जागा मिळाली आणि काही महिन्यांतच त्यांनी राजीनामा दिला. मग दिवसभर घरात, आणि घरात रोज तपासणी. चपला रांगेत का नाहीत, मुलगी नऊपर्यंत झोपतेच कशी. त्यांच्या पत्नीच त्यांना माझ्याकडं घेऊन आल्या.

कंपनीत झालं ते असं. आठच्या शिफ्टला ड्रायव्हर पावणेनऊला यायचे. साहेबांनी त्यांना गेटवरच झापलं. दुसऱ्या दिवशी दोघं आलेच नाहीत. पंचविशीतला मॅनेजर म्हणाला, "काका, जरा प्रेमानं घ्या, माणसं मिळत नाहीत हो."

"मॅडम, मला कर्नलसुद्धा साहेब म्हणायचे. आणि हा पोरगा काका म्हणतो!"

त्या 'काका'वर मी वेळ घालवला नाही. विचारलं, पलटणीत नवा लेफ्टनंट आला की तुम्ही काय करता? पहिल्यांदाच हसले. "तो बावीस-तेवीसचा. सॅल्यूट आपणच मारायचा. त्याचं काही चुकलं तर जवानांसमोर बोलायचं नाही. संध्याकाळी एकटा गाठायचा आणि म्हणायचं, साहब, एक बार फिर देख लें?"

म्हणजे निम्म्या वयाच्या वरिष्ठाला सांभाळून घेणं त्यांनी आयुष्यभर केलं होतं. फरक एवढाच, की सुभेदार साहेबांचं ऐकायचं असतं, हे त्या लेफ्टनंटला पलटणीत आल्या दिवसापासून ठाऊक असतं. चाकणच्या पोराला ते कुणी सांगितलेलंच नाही. तिथं हा मान आयता मिळेल असं धरून गेलेला माणूस पहिले काही महिने कुढत राहतो.

ड्रायव्हरांचं प्रकरण वेगळं. जवान उशिरा आला तर आधी काय बघायचात? "रात्री ड्यूटी होती का, घरून काही फोन आलाय का." मग इथं विचारलंत? ते गप्प झाले. ती पोरं रात्री एकपर्यंत माल उतरवून आलेली असायची, हे राजीनाम्यानंतर त्यांच्यातल्याच एकानं सांगितलं होतं. मॅनेजरपेक्षा हेच त्यांना जास्त टोचत होतं.

"फौजी कडक असतो, सिक्युरिटीत टाका," असा सल्ला नातेवाईक सहज देऊन जातात. मला तो आळशी सल्ला वाटतो. आम्ही बायोडेटा नव्यानं लिहिला. पदकं आणि पोस्टिंगची यादी खाली नेली, गाड्यांची देखभाल आणि इंधनाचा हिशेब वर आणला. पेन्शन होती, पण तिचा काही भाग विकून फ्लॅटचं कर्ज फेडलेलं. उरलेल्यात मुलीच्या फीचं गणित बसत नव्हतं.

सगळ्यात जास्त बोलणं झालं ते घराबद्दल. पोस्टिंग कुठंही असो, शाळेचे प्रवेश, सासूबाईंचं ऑपरेशन, बँकेचे हप्ते, सगळं बाईंनी एकटीनं निभावलेलं. "सुट्टीवर यायचे तेव्हा पाहुण्यासारखे असायचे. आता एकदम मालक झाले," त्या म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, यांच्याकडं पूर्ण सोपवाल असं एखादं काम सांगा. बराच विचार करून म्हणाल्या, "बँक नको. गावची शेती बघू देत, आणि आईंचे दवाखाने." साहेबांना बँकेचं लागलं, पण कबूल झाले. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्याच्या, चकरा तेव्हापासून त्यांच्याकडं. स्वयंपाकघरात तपासणी बंद.

आता ते रांजणगावला एका कारखान्याचा वाहतूक विभाग बघतात. वैताग होतो, पण टिकून आहेत.

सेवेत असलेल्यांनी मात्र इतकं थांबू नये. पुनर्वसन महासंचालनालयाचे, म्हणजे डीजीआरचे, कोर्स निवृत्तीआधीच करता येतात. घरी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवावं. राज्याच्या गट क आणि गट ड भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के जागा राखीव आहेत. दहावी झालेल्या, १५ वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या, पदवी मागणाऱ्या काही पदांसाठीही अर्ज करता येतो. तांत्रिक पदं त्यात येत नाहीत. आमच्या साहेबांना हे माहीत होतं. "या वयात परत परीक्षा?" म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवलं होतं. जाहिरात आली की मुलगीच आता फॉर्म भरते.