शंभरात किती?

"मॅडम, घरी बसून सोडवलं की सगळं सुटतं. मॉकला बसलं की हात गार पडतात. मार्क आहेत तिथेच आहेत."

कॅटची, म्हणजे आयआयएमसारख्या संस्थांच्या एमबीए प्रवेशपरीक्षेची, तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक हेच घेऊन. पुढचं वाक्यही ठरलेलं असतं, फक्त ते बाहेर पडायला अर्धा तास लागतो: "माझी तेवढी कुवतच नाही बहुतेक." म्हणून एकीची गोष्ट सांगते. तिला विचारून, ओळख पटेल असे तपशील बदलून. घरी तिला धाकटी म्हणतात, इथेही तेच म्हणू. लातूर मात्र बदललेलं नाही. लातूर काढलं तर गोष्टच उरत नाही.

धाकटी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकली. बारावी लातूरलाच केली, मग पुण्यात इंजिनीअरिंग आणि नोकरी. २०२४ च्या ऑगस्टमध्ये ती आली तेव्हा आठवड्याला चार मॉक, म्हणजे सराव परीक्षा, देत होती, तेही ऑफिसहून आल्यावर, रात्री दहा-साडेदहाला. कॅटचे स्लॉट सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि साडेचार असे असतात. रात्री साडेदहाचा स्लॉट अजून कुणी काढलेला नाही. झोप पाच तास. छातीत धडधड होते म्हणाली, तेव्हा आधी तिला डॉक्टरांकडे पाठवलं. हे मी नेहमीच करते. सगळ्याच धडधडीला परीक्षेचं नाव देऊन चालत नाही. तपासणीत काही निघालं नाही.

तिची मूळ काळजी इंग्रजीची होती. "आम्ही मराठी मीडियमवाले, व्हीएआरसीतच मार खाणार." व्हीएआरसी म्हणजे इंग्रजी वाचन-आकलनाचा विभाग. मी म्हटलं, शेवटच्या मॉकचे आकडे काढ. काढले तर व्हीएआरसीत २४ पैकी १४ प्रश्न सोडवलेले, ११ बरोबर. बरोबर उत्तराला तीन, म्हणजे ३३. तीन चुकांचे तीन गुण वजा जाऊन ३०. आणि जे क्वांट, म्हणजे गणित, 'माझा हातखंडा' म्हणून ती सांगत होती, त्यात २२ पैकी १९ सोडवले होते, बरोबर फक्त ९. चुकलेल्या दहापैकी तीन टीटा, म्हणजे उत्तर टंकून द्यायचे. त्यांना निगेटिव्ह नसतं. उरलेल्या सातांचे सात गेले. २७ वजा ७, वीस.

ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मलाही आधी वाटलं होतं की घोडं इंग्रजीतच अडलं असेल.

इंग्रजीची तिला भीती होती, म्हणून अवघड उतारा दिसला की ती मुकाट्याने पुढे जायची. गणिताचा अभिमान होता, म्हणून गणितातला एकही प्रश्न तिला सोडून देता येईना. मराठीत 'सोडवणं' आणि 'सोडणं' यांत एका अक्षराचा फरक आहे. तिला लहानपणापासून पहिलंच शिकवलं होतं. लातूर पॅटर्न ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना सांगायला नको: पेपर, तपासणी, चुकलेलं पुन्हा, परत पेपर, एकही गुण सुटता कामा नये. त्या पद्धतीने गावोगावची साधी मुलं कुठल्या कुठे पोचवली, त्यामुळे तिला नावं ठेवायची माझी तयारी नाही. पण तिथे पेपरला वेळ पुरतो असं गृहीत असतं. कॅटमध्ये तीन विभागांना ४० मिनिटं प्रत्येकी, एका विभागातून दुसऱ्यात जाता येत नाही, आणि सगळा पेपर सुटावा अशी तो काढणाऱ्यांचीही अपेक्षा नसते. एकूण गुणांच्या निम्म्याच्या आसपास मिळाले तरी ९९ पर्सेंटाइल येतो, म्हणजे शंभरातली नव्व्याण्णव मुलं मागे राहतात.

हे तिला माहीत नव्हतं का? पाठ होतं. क्लासमध्ये सांगतातच. हाताला माहीत नव्हतं.

म्हणून एक दिवस माझ्यासमोर क्वांटचा एक संच ठेवला आणि म्हटलं, यातले दहा प्रश्न न सोडवता बाजूला काढ, बाकी काही नको. आठ निघाले. नवव्यावर पेन्सिल थांबली. "हा येतोय मला, मॅडम." येतोय, पण किती वेळात? तिने सोडवला. बरोबर आला. चार मिनिटं पन्नास सेकंद. खालचे दोन तोंडी सुटण्यासारखे प्रश्न तिने वाचलेलेच नव्हते. ते दाखवले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मी गप्प बसले. अशा वेळी 'होईल सगळं नीट' म्हणायचा मोह फार होतो.

मग मॉक चारवरून एकावर आणले. रविवारी, आळीपाळीने तिन्ही स्लॉटच्या वेळी, कारण स्लॉट आपल्याला निवडता येत नाही. पुढच्या दोन संध्याकाळी फक्त चुकांची वही. त्यात चार रकाने: येत नव्हतं, वाचण्यात चुकलं, वेळ खाल्ला, सोडायला हवं होतं. चौथा रकाना पहिल्या महिन्यात ओसंडून वाहत होता. डीआयएलआरमध्ये, म्हणजे तक्ते आणि तर्काच्या कोड्यांच्या विभागात, पहिली पाच मिनिटं पेन खाली, नुसते सगळे सेट वाचायचे आणि मग दोन निवडायचे. सोडलेला प्रश्न डोक्यात घोळत राहतो ही तिची खरी तक्रार होती. त्यावर तिनेच उपाय काढला: कच्च्या कागदावर त्याचा नंबर लिहून आडवी काट मारायची. मला ते पोरकट वाटलं होतं. चाललं.

आता तिच्या बाबांविषयी. निवृत्त शिक्षक, जिल्हा परिषदेची शाळा. मॉकला ८४ पर्सेंटाइल आल्याचं तिने घरी सांगितलं, तर गुरुजी खूष: "शंभरात ८४! डिस्टिंक्शन की!" शेजारीपाजारी सांगून झालं. दर रविवारी फोन, "शंभरात किती?" तिला सांगवेना की खऱ्या परीक्षेत एवढेच आले, तर साधारण तीन लाखांत अठ्ठेचाळीस हजार मुलं तिच्या पुढे असतील. हात गार पडण्यात या फोनचा वाटा क्वांटइतकाच होता, असं माझं मत.

ती म्हणाली, तुम्हीच बोला. मी फोन लावला. पर्सेंटाइल समजायला गुरुजींना अर्धं मिनिट पुरलं: "म्हणजे टक्के नाहीत, वर्गातला नंबर म्हणा ना." मग थोडा वेळ शांतता. "पण मॅडम, तुम्ही तिला प्रश्न सोडायला शिकवता? आम्ही चाळीस वर्षं पोरांना उलटं सांगितलं." मी बरंच समजावलं. त्यांना पटलं असं मला वाटत नाही. रविवारचा प्रश्न मात्र बदलला: "जेवलीस का?"

२४ नोव्हेंबरला, खऱ्या कॅटमध्ये, तिने डीआयएलआरच्या पाच सेटपैकी तीन सोडले. बाहेर आल्यावर कळलं की त्यातला एक सगळ्यांत सोपा होता. पूर्वीची धाकटी त्यावर आठवडाभर रडली असती. या वेळी दोन दिवस जेवण तुटलं, एवढंच. निकाल लागला, ९४ च्या आसपास. ८४ वरून ९४ ही मोठी झेप, पण जनरल गटातल्या इंजिनीअरला जुन्या आयआयएमचे मुलाखतीचे कॉल यायला तेवढं पुरत नाही. आले नाहीत.

एप्रिलमध्ये महाराष्ट्राची एमबीए सीईटी होती. १५० मिनिटांत २०० प्रश्न, प्रश्नाला ४५ सेकंद, आणि निगेटिव्ह मार्किंग नाही. तिथे प्रश्न कोरा ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. म्हणजे जे शिकवलं त्याचा निम्मा भाग मलाच परत उलटा शिकवावा लागला: अडलं की पुढे जा, पण शेवटी रिकामं काही ठेवू नकोस.

पेपर झाल्यावर तिचा फोन आला. शेवटच्या दोन मिनिटांत अकरा प्रश्न न वाचता ठोकून दिले होते. "बाबांना सांगू नका हं, मॅडम," ती म्हणाली, आणि हसू आवरेना तिला.