एजंट आधी की गिऱ्हाईक आधी?

तुमचा प्रश्न असा: समाजवादी व्यवस्था मोडल्यावर परदेशी कंपन्या पूर्व युरोपात ओळखीपाळखीवरच शिरल्या, मग चाकणच्या सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या व्हेंडरनेही तिकडे जाताना आधी वजनदार एजंट धरावा का? माझ्या मते नाही. त्या कंपन्या ओळखीवरच गेल्या हे खरं, पण त्यातल्या बऱ्याच ओळखी त्यांनी घरूनच नेल्या होत्या.

स्कोडा या चेक मोटार कंपनीचंच बघा. 1991 मध्ये रेनोला मागे टाकून फोक्सवागन तिच्या म्लादा बोलेस्लाव गावच्या कारखान्यात सरकारची भागीदार झाली. खरी डोकेदुखी सुट्या भागांची होती. तिथले पुरवठादार वर्षानुवर्षं ठरलेल्या गिऱ्हाइकाला माल देत आलेले, दर्जा यथातथाच. सगळं जर्मनीहून आणावं तर स्वस्त मजुरीचा फायदा गेला. मग फोक्सवागनने आपल्या जुन्या पुरवठादारांना बोलावलं: इथल्या कंपनीशी भागीदारी करा नाहीतर नवा कारखाना टाका. 1996 ला ऑक्टाव्हिया ही गाडी आली तेव्हा काही पुरवठादार चक्क स्कोडाच्याच छपराखाली बसून जोडून तयार केलेले भाग थेट लाइनवर सोडत होते. चेक बाजार त्यांना ठाऊक नसला तरी अडलं नाही, कारण गिऱ्हाईक ओळखीचं होतं.

सुझुकी हंगेरीत एस्टरगोमला गेली तीही एकटी नाही. सोबत इतोचू ही जपानी व्यापारी कंपनी होती, शिवाय हंगेरियन भागीदार. 1992 मध्ये स्विफ्ट बाहेर पडू लागली.

असं जाळं नसेल तर काय होतं, ते मॅकडोनाल्ड्सने मॉस्कोत भोगलं. 1990 ला दुकान उघडायचं तर बन, पॅटी, बटाट्याचे काप, सगळ्यासाठी स्वतःचा प्रक्रिया कारखाना उभारावा लागला. एवढा खिसा आपल्यापैकी कुणाचा आहे?

स्थानिक ओळखी फुकट जात नाहीत. जमीन, वीज, कस्टम्स यांत त्या लागतातच. पण त्यांना मुदत असते. जुन्या सरकारी कारखान्याच्या संचालकाची खरी ताकद मंत्रालयातून कच्चा माल सोडवून आणण्यात होती. भाव मोकळे झाले, मंत्रालयं बदलली, की त्याच्या फोनला कोण विचारतो? एजंटला टक्केवारी देण्याआधी तो ओळखतो ती माणसं आज कुठल्या खुर्चीत आहेत, एवढं तपासा.

तुमचा माल आत्ता ज्या कंपनीच्या लाइनवर जातो, तिचा तिकडे कारखाना आहे का? असेल तर तिच्या पर्चेसवाल्याला विचारा, तिथे हाच पार्ट कोण देतो आणि काय भावाने. तो आकडा हातात आला की पुढचं इथे टाका, बोलू.