फ्लाइटचा हक्क कंपनीचा नसतो, देशाचा असतो

तुम्ही विचारलंय की कंपनीकडे विमानं आहेत, प्रवासी आहेत, मग परदेशात फ्लाइट सुरू करायला दोन सरकारं मध्ये कशाला लागतात आणि एवढा वेळ का जातो.

याचं मूळ 1944 च्या शिकागो करारात आहे. देशावरचं आकाश त्या देशाचं हे पहिलंच कलम, आणि परवानगीशिवाय नियमित फ्लाइट यायची नाही हे सहावं. अमेरिकेला तेव्हा बरंच मोकळं हवं होतं, ब्रिटनला नको होतं, त्यामुळे हक्कांचा सगळ्यांना मान्य असा एकच करार काही जमला नाही आणि ज्या त्या दोन देशांनी आपापलं बसून ठरवायचं असं होऊन बसलं. 1946 मध्ये या दोघांनीच बर्म्युडाला करार केला, पुढे बऱ्याच देशांनी तोच नमुना धरला.

अशा दोन देशांच्या बैठकीत कोणती शहरं, किती कंपन्या, आठवड्याला किती फ्लाइट किंवा सीट हे ठरतं, शिवाय समोरच्या देशातून पुढे तिसऱ्या देशापर्यंत तिकिटं विकून प्रवासी नेता येतील का, म्हणजे फिफ्थ फ्रीडम. खरी ओढाताण सीटवर होते. कागदावर दोघांना सारखा कोटा असतो पण प्रत्यक्षात तो सारखा नसतो हो, कारण ज्याच्याकडे मोठं हब, म्हणजे विमानं बदलून पुढे जायचं मोठं विमानतळ आहे त्याची कंपनी तुमचे प्रवासी उचलते, हबमध्ये विमान बदलायला लावते आणि तिसऱ्याच देशात सोडते, तिचा कोटा भरतो आणि तुमच्या कंपनीचा पडून राहतो. मग तुमची कंपनी सरकारला सांगते वाढवू नका, विमानतळ आणि पर्यटनवाले म्हणतात वाढवा, म्हणजे समोरच्या देशाशी बोलायच्या आधी घरातच भांडण. कतार एअरवेजने ऑस्ट्रेलियात आठवड्याला 28 जादा फ्लाइट मागितल्या होत्या, 2023 मध्ये तिथल्या सरकारने नाही म्हटलं, तेव्हा तिथल्याच क्वांटास कंपनीला सांभाळताय का म्हणून तिथे केवढा गदारोळ झाला. माझं स्पष्ट मत, अशा नकाराची किंमत शेवटी तिकीट काढणारा भरतो आणि चर्चेच्या खोलीत त्याच्या बाजूने बोलणारं सहसा कोणी नसतं.

आणि हक्क मिळाला म्हणजे फ्लाइट मिळाली असंही नाही. 1977 च्या दुसऱ्या बर्म्युडा करारात लंडनच्या हीथ्रो विमानतळावर अमेरिकेच्या दोनच कंपन्यांना जागा होती, आधी पॅन अॅम आणि टीडब्ल्यूए, 1991 पासून त्यांच्या जागी युनायटेड आणि अमेरिकन. 2008 मध्ये युरोपियन युनियन-अमेरिका ओपन स्कायज हा मोकळा करार लागू झाल्यावर बाकीच्यांना दार उघडलं, पण स्लॉट, म्हणजे विमान उतरायच्या-उडायच्या ठरलेल्या वेळा, कुठे होते? अमेरिकेच्या कॉन्टिनेंटल कंपनीने स्लॉटच्या चार जोड्यांसाठी सुमारे 20.9 कोटी डॉलर मोजले. सरकारने हक्क फुकट दिला, उतरायची वेळ मात्र बाजारातून घ्यावी लागली.

मग तिकडचीच कंपनी विकत घेतली तर? तेही अवघड, कारण बहुतेक करारांत अट असते की कंपनीची मालकी आणि ताबा त्याच देशाच्या लोकांकडे हवा, विकली गेली तर समोरचा देश तिचे हक्क नाकारू शकतो. म्हणून कंपन्या कोडशेअर (दुसऱ्या कंपनीच्या फ्लाइटवर आपला नंबर लावून तिकीट विकणं) आणि अलायन्स (कंपन्यांची युती) यांवर भागवतात. ही अट युरोपात मोडली ती कोर्टामुळे, 2002 मध्ये युरोपियन कोर्टाने सांगितलं की अमेरिकेबरोबरच्या करारांत फक्त आपल्याच देशाच्या कंपनीला हक्क ठेवणं युनियनच्या कायद्यात बसत नाही, आणि त्यातूनच पुढे तो 2008 चा करार आला, ज्यात युरोपची कुठलीही कंपनी युनियनच्या कुठल्याही शहरातून अमेरिकेला जाऊ शकते.