घर विकून बोटीवर राहायला गेलो तर कायद्यानं आपण कुठल्या राज्याचे रहिवासी?

तुमचा प्रश्न वाचला आणि सात वर्षांपूर्वीचे आम्ही दोघं डोळ्यासमोर उभे राहिलो. न्यू जर्सीतलं घर विकायचं, शिडाच्या बोटीवर राहायला जायचं, हिवाळा बहामात आणि उन्हाळा मेरीलँड-व्हर्जिनियाकडच्या चेसापीक बेमध्ये काढायचा, टपालाला पत्ता न्यू जर्सीतल्याच एडिसन गावात राहणाऱ्या भावाच्या घरचा, तुम्ही सिटिझन आणि वहिनी अजून ग्रीन कार्डवर, तर कायद्यानं तुम्ही कुठले, असं विचारलंय. मी वकील नाही, टॅक्सवालीही नाही, पण हे सगळं आमच्या अंगावरून गेलंय त्यामुळं माहिती आहे ते सगळं सांगते.

पहिलं म्हणजे भावाच्या घरचा पत्ता ठेवायचा विचार आजच सोडा. बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल पण एवढं ऐका.

आपल्या डोक्यात डोमिसाइल म्हणजे तहसीलचा दाखला असतो, महाराष्ट्रात १५ वर्षं राहिल्याचे पुरावे जोडा, सेतूत अर्ज टाका, सहीशिक्क्याचा कागद हातात आला की काम झालं. अमेरिकेत असा सगळीकडे चालणारा दाखला कुणी देत नाही आणि वर्षांची अटही नाही. इथं बघतात ते दोन गोष्टी मिळून, तुम्ही राहता कुठं आणि कायमचं परत जायचा तुमचा इरादा कुठं आहे. राहायच्या जागा चार असू शकतात, डोमिसाइल एकच. आणि खरी मेख ही की निघून गेल्यानं जुनं डोमिसाइल संपत नाही, नवीन जागी तुम्ही खरोखर बस्तान बसवलं असं दिसेपर्यंत जुनंच चालू राहतं. त्यामुळं घर विकलं, नांगर उचलला, आता आपण कुठल्याच राज्याचे नाही, असं होत नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असलं तरी कागदावर ते कुठल्यातरी एका राज्यातच असतं, आणि तुम्ही ते हलवलं नाही तर ते न्यू जर्सीतच राहतं.

न्यू जर्सीचा नियम सांगते. डोमिसाइल तिथलं असूनही टॅक्सपुरतं तुम्हाला बाहेरचं मानायला तीन अटी आहेत आणि तिन्ही एकदम पाळाव्या लागतात. वर्षभर न्यू जर्सीत तुमचं कायमचं घर नको, न्यू जर्सीबाहेर कायमचं घर हवं, आणि वर्षात ३० दिवसांच्या वर तिथं राहायचं नाही. आता बोटीवाल्या माणसानं कायमचं घर म्हणून काय दाखवायचं? नांगर टाकलेली बोट आज इथं तर उद्या तिथं. म्हणून ह्या अटींच्या भरवशावर राहू नका, सरळ डोमिसाइलच बदला.

आम्ही २०१८ च्या ऑक्टोबरात निघालो तेव्हा हे काही माहिती नव्हतं. टपाल दिराच्या घरी, लायसन्स न्यू जर्सीचं, मतदार यादीत नाव तिथंच, डॉक्टर तिथलेच, आणि आम्ही मात्र सगळ्यांना सांगायचो की आम्ही फ्लोरिडाचे, कारण बोट बराच वेळ तिथल्या पाण्यात असायची. दोन्ही डगरींवर हात ठेवल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी मुलीचं बाळंतपण आलं, मी आणि हे न्यू जर्सीत तिच्याकडे ४६ रात्री राहिलो. टॅक्स भरायला बसलो तेव्हा जो माणूस आमचे कागद करायचा त्यानं एकेक प्रश्न विचारला आणि शेवटी म्हणाला की तुम्ही २०१९ चं पूर्ण वर्ष न्यू जर्सीचेच रहिवासी आहात. चूक आमचीच होती, नियम स्पष्ट होता. यांचा तेव्हा घरबसल्या, म्हणजे बोटबसल्या, सॉफ्टवेअरचा जॉब होता, त्या सगळ्या पगारावर राज्याचा टॅक्स भरला. ती रक्कम एका नव्या शिडाच्या किमतीएवढी होती.

मग २०२० च्या सुरवातीला सगळं एका आठवड्यात बदललं, आणि तुम्हीही तसंच एका दमात करा. बोटीवाले लोक बहुतेक फ्लोरिडा निवडतात. साउथ डकोटा आणि टेक्सासही लोक घेतात, तिथंही राज्याचा इन्कम टॅक्स नाही, साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाच्या पावतीवर लायसन्स मिळतं म्हणून आरव्हीवाले, म्हणजे घरगाडीत राहून फिरणारे लोक, तिकडे जातात. पण तुमचा इरादा खरा दिसायला हवा, आणि ज्याची बोट दर वर्षी बहामाला जाता येता फ्लोरिडातूनच जाते त्यानं समुद्रापासून एवढ्या लांबचं राज्य का निवडलं ह्याचं उत्तर देता येणं अवघड. फ्लोरिडात तुमचं येणंजाणं खरंच असणार आहे, तेच घ्या.

जॅक्सनव्हिलच्या दक्षिणेला सेंट जॉन्स नदीच्या काठावर ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज नावाचं छोटं गाव आहे, क्ले काउंटीचं मुख्य ठिकाण. नेव्हीचे जुने लांब धक्के आहेत, तिथं वादळाच्या सीझनमध्ये कितीतरी बोटी वर काढून ठेवलेल्या असतात. बोटीवाल्यांचं टपाल सांभाळणारी सेंट ब्रेंडन्स आइल नावाची सर्व्हिसही ह्याच गावात आहे, आम्ही तीच घेतली. आधी टपाल खात्याचा १५८३ नंबरचा फॉर्म नोटरीसमोर सही करून द्यावा लागतो, म्हणजे ते लोक तुमचं टपाल तुमच्या वतीनं घेऊ शकतात. पाकीट आलं की बाहेरून फोटो येतो, तुम्ही फोनवरून सांगायचं उघडा, स्कॅन करा, फाडून टाका नाहीतर अमुक मरिनाला, म्हणजे बोटी लावायच्या धक्क्याला, पाठवा. बहामात एक्झुमाला सिग्नलची एक काडी असताना डेकवर उभं राहून मी मेडिकल बिलाचं पाकीट उघडायला सांगितलंय, त्यामुळं ही सोय किती मोठी आहे ते मला विचारा.

त्याच गावात काउंटीच्या कोर्टाच्या क्लार्कचं ऑफिस आहे. तिथं डिक्लरेशन ऑफ डोमिसाइल नावाचा एकपानी फॉर्म असतो, फ्लोरिडाच्या कायद्यातच त्याची तरतूद आहे. आपण कुठून आलो, कधीपासून इथले आणि हेच आपलं कायमचं ठिकाण, असं शपथेवर लिहून द्यायचं. काउंटरमागच्या बाईंनी आम्हा दोघांना उजवा हात वर करायला सांगितलं, सही घेतली, कागद यंत्रात सरकवला, वरच्या कोपऱ्यात नोंदणीचा नंबर आणि तारीख उमटली, तो परत हातात दिला. रेकॉर्डिंगची फी किरकोळ होती. मला त्या क्षणी भरून आलं, कारण दीड वर्षानं कुठल्यातरी कागदावर आम्ही कुठले ते लिहिलेलं होतं. पण हेही सांगते की त्या एका कागदानं काही सिद्ध होत नाही. बाकी सगळं त्याच्याशी जुळायला हवं नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या. त्याच आठवड्यात लायसन्स बदललं (फ्लोरिडात रहिवासी झाल्यावर ३० दिवसांत बदलावंच लागतं), राहत्या पत्त्याचे दोन पुरावे लागतात ते आधीच तयार ठेवले होते. मतदार नोंदणी, गाडी, विमा, मृत्युपत्र, बँक, क्रेडिट कार्ड, सगळं. जुनं लायसन्स परत केलं, जुन्या यादीतून नाव काढायला लावलं. ज्यूरी ड्यूटीचं, म्हणजे कोर्टात पंच म्हणून बसायचं, बोलावणं आता फ्लोरिडाचं येतं, ते टाळायचं नाही, बाहेर असलो तर वेळेत कळवून तारीख बदलून घ्यायची.

बँकेत अडायला होतं. टपाल सर्व्हिसचा पत्ता त्यांच्या सिस्टिमला ओळखू येतो आणि राहता पत्ता म्हणून घेत नाही. आमच्या बँकेतल्या मुलीनं खातं बंद करायची भाषा केली, मी फोनवर रडकुंडीला आले होते. मग कळलं की ज्याला राहता किंवा व्यवसायाचा पत्ता नाही त्यानं जवळच्या नातेवाइकाचा किंवा ओळखीच्या माणसाचा पत्ता द्यावा अशी सोय फेडरल नियमातच आहे. मॅनेजरशी बोलून ऑर्लँडोच्या मावसभावाचा पत्ता दिला, खरं ते सांगून दिला. पण हा नातेवाईक नवीन राज्यातलाच हवा, एडिसनचा भाऊ इथं चालवू नका.

नोकरी न्यूयॉर्कच्या कंपनीची असेल तर मात्र फ्लोरिडाचे झालात तरी सुटका होईलच असं नाही, तुमच्या सोयीसाठी तुम्ही बाहेरून काम करताय असं धरून न्यूयॉर्क त्या पगारावर टॅक्स लावतं. हे आधी बघा. आणि ज्या वर्षी हलाल त्या वर्षी न्यू जर्सीचं रिटर्न वर्षातल्या काही काळापुरता रहिवासी म्हणून भरायचं असतं, ते लोक विसरतात.

आता बोट. माणूस कुठला आणि बोट कुठली हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ह्यात सगळेच गोंधळतात. बोटीला विचारतात ती सगळ्यात जास्त कुठल्या पाण्यात वापरली जाते. तुम्ही उन्हाळाभर चेसापीकला राहणार म्हणताय, तिथं मेरीलँडच्या पाण्यात वर्षातला सगळ्यात जास्त काळ गेला तर त्यांचा ५ टक्के एक्साइज टॅक्स लागू होतो, आणि व्हर्जिनियात १ जानेवारीला बोट तिथं ठेवलेली असेल तर तिथल्या काउंटीचा मालमत्ता कर मागायला येऊ शकतात. दुसऱ्या राज्यात रजिस्टर केलेली बोट फ्लोरिडात ९० दिवसांच्या वर राहिली तर फ्लोरिडाचं रजिस्ट्रेशन लागतं, कोस्ट गार्डकडे डॉक्युमेंट केलेली, म्हणजे केंद्र सरकारकडे नोंदवलेली, असली तरीही. सेल्स टॅक्स फ्लोरिडात एका बोटीवर जास्तीत जास्त १८,००० डॉलर आहे, आधी कुठं भरला असेल तर त्याची पावती जन्मभर सांभाळा. आमची झिपलॉकमध्ये आहे, सगळे मूळ कागद दुहेरी झिपलॉकमध्ये, कारण पहिल्या उन्हाळ्यात चार्ट टेबलाच्या कप्प्यात पासपोर्टवर बुरशी आली होती.

कोस्ट गार्डचं डॉक्युमेंटेशन करायचं ठरवलंत, पाच नेट टन (हे वजन नाही, आतल्या जागेचं माप) किंवा त्याहून मोठ्या बोटीला करता येतं आणि परदेशात उपयोगी पडतं, तर मालक म्हणून प्रत्येक जण अमेरिकन सिटिझन लागतो. म्हणजे वहिनींचं नाव सध्या घालता येणार नाही. हे बोट घेण्याआधी ठरवा. मागच्या बाजूला बोटीचं नाव आणि बंदर लिहावं लागतं, ते बंदर अमेरिकेतलं कुठलंही चालतं, राहण्याशी त्याचा संबंध नाही. यांना फार वाटत होतं वेंगुर्ला लिहावं, ते नाही चालत.

हेल्थ इन्शुरन्स थोडक्यात सांगते पण दुर्लक्ष करू नका. मार्केटप्लेसचा, म्हणजे सरकारी विमा-बाजारातून घेतलेला, प्लॅन काउंटीवर ठरतो आणि नेटवर्क बऱ्याचदा तेवढ्याच भागातलं असतं, चेसापीकला साधा खोकला झाला तरी स्वतःच्या खिशातून. इमर्जन्सी धरतात. त्यामुळं काउंटी निवडताना तिथले प्लॅन आधी बघून घ्या, कर्जत-पनवेलला घर घेताना आपण आधी स्टेशन बघतो ना तसं.

शेवटचं आणि तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, वहिनींचं ग्रीन कार्ड. पत्ता बदलला की १० दिवसांत इमिग्रेशनला एआर-११ फॉर्मनं कळवायचं, बोटीवर राहणाऱ्यालाही हे लागू आहे. तुम्ही सिटिझन असल्यामुळं, तीन वर्षं तुम्ही सिटिझन आणि दोघं एकत्र राहात असाल तर त्यांना ग्रीन कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनी सिटिझनशिपचा अर्ज करता येईल, पण त्यातले १८ महिने त्यांचं अंग अमेरिकेत असायला हवं आणि ज्या राज्यातून अर्ज करणार तिथं आधीचे तीन महिने राहिलेलं हवं. बहामातला दिवस हा अमेरिकेबाहेरचा दिवस, समुद्र कितीही जवळचा वाटला तरी. सलग सहा महिन्यांच्या वर बाहेर राहू नका, नोव्हेंबरात गेलात तर एप्रिल संपायच्या आत परत या आणि परत आल्याची सीबीपीच्या, म्हणजे अमेरिकेच्या कस्टम्स आणि सीमा खात्याच्या, रोम ॲपवर नोंद झाली की स्क्रीनशॉट ठेवा. शक्य असेल तर अर्जाआधीचे तीन महिने फ्लोरिडातच एका मरिनात स्लिप, म्हणजे बोट बांधायची जागा, भाड्यानं घ्या, त्याची पावती, लाइटचं बिल, सगळं वहिनींच्याही नावानं.

आणि रोज रात्री लॉगबुकात एक ओळ लिहायला आत्तापासून सुरुवात करा, तारीख, नांगर कुठं टाकला, दोघं बोटीवर होतो का नाही. आमच्या वहीत त्या ४६ रात्री अशाच लिहिलेल्या होत्या, म्हणूनच ४६ हा आकडा सांगता येतोय. घराचं क्लोजिंग, म्हणजे विक्री पूर्ण व्हायचा दिवस, कुठल्या तारखेला आहे ते इथंच खाली लिहा, त्यावरून कुठला कागद आधी आणि कुठला नंतर ते मी ओळीनं सांगते.