घाटाकडच्या मालकीच्या रानात स्प्रूस-फर लावावं का? आणि आहे ते रान कसं तोडावं?

शाहूवाडी, गगनबावडा आणि राधानगरी भागातून आलेल्या तीन शंकांचं मूळ एकच आहे, म्हणून उत्तर एकत्र देतो. एका शेतकऱ्याचा मुलगा कुलू-मनालीला जाऊन आला. तिथली स्प्रूस आणि फरची सरळसोट झाडं बघून, घाटाकडचं मालकीचं चार एकर रान साफ करून तीच लावू म्हणतोय. दुसऱ्यांना ठेकेदारानं सगळ्या रानाचा उक्ता (झाडं न मोजता एकरकमी) भाव सांगितलाय, द्यावं का? तिसरे विचारतात, रानातली वाळकी, पोकळ झाडं आधी काढून टाकावीत का?

स्प्रूस-फर लावू नका. हिमाचलात स्प्रूसला रई आणि फरला तोस म्हणतात. ही झाडं साधारण 2,300 ते 3,400 मीटर उंचीवर, बर्फाच्या पट्ट्यात वाढतात. आपलं कोल्हापूर शहर 550 मीटरच्या आसपास, घाटमाथा फार तर हजारच्या आतबाहेर. हिवाळ्यात त्या झाडांना लागते तशी थंडी इथं पडत नाही, आणि चार महिने धो धो पावसानंतर मेपर्यंतचा कोरडा उन्हाळा त्यांच्या अंगवळणी नाही. एखादं रोप जगलं तरी त्याचं लाकूड होणार नाही, आणि त्यासाठी पिढ्यान् पिढ्या वाढलेलं रान गेलेलं असेल.

मात्र रई-तोसाचं जंगल राखणाऱ्यांची पद्धत आपण जरूर घ्यावी. या दोन्ही झाडांची पिल्लं मोठ्या झाडांच्या सावलीत वर्षानुवर्षं खुरटून उभी राहतात आणि वरून उजेड मिळाला की उसळी घेतात. म्हणून तिथला जाणता माणूस तोडीआधी खाली जमिनीकडे बघतो: रोपं आहेत का, किती, कुठं. जिथं पुढची पिढी उभी आहे तिथलीच पिकली झाडं निघतात. मुळं उथळ असल्यानं एकदम मोकळं केलं की उरलेली झाडं वाऱ्यानं आडवी होतात, आणि चराई सुरू राहिली तर नवीन रोप धरत नाही. नुसत्या स्प्रूसच्या एकजिनसी लागवडीचं काय होतं ते जर्मनीतल्या हार्ट्झ डोंगरात दिसलं. 2018 च्या दुष्काळानंतर सालीखालच्या किड्यानं तिथं डोंगरच्या डोंगर वाळवले. मिश्र रानात असं सहसा होत नाही, आणि तुमचं रान आधीच मिश्र आहे. अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा, खाली उतरलं की ऐन, किंजळ, नाना. पैसे घालूनही असं रान नव्यानं उभं करता येत नाही.

मग लाकूड काढायचंच नाही का? काढा, पण निवडून. दिवाळीनंतर, गवत बसल्यावर रानात फिरा. छातीच्या उंचीवर टेप लावून प्रत्येक मोठ्या झाडाचा घेर वहीत लिहा, जात लिहा, खोडाला क्रमांक घाला. प्रत्येक जातीची चांगली, सरळ, भरपूर बी धरणारी काही झाडं कायमची राखायची. त्यांना चुन्याचा पट्टा मारा. आपल्याकडे नेमकं उलटं होतं, सरळ झाड आधी जातं आणि वाकडं बी टाकायला उरतं. तोडायचं झाड असं निवडा की त्याच्या खाली किंवा बाजूला कमरेएवढी पिल्लं उभी असतील. मोकळी होणारी जागा शेजारच्या झाडाच्या उंचीपेक्षा रुंद नको. जास्त ऊन पडलं की पहिल्या पावसातच रानमोडी आणि घाणेरी माजते आणि ऐनाचं रोप त्याखाली गुदमरतं. हे तुमच्याही बांधाला दिसेल. ओढ्याच्या दोन्ही काठांवर आणि तीव्र उतारावर कुऱ्हाड लावूच नका. इतक्या पावसात तिथली माती मुळांवरच टिकून आहे.

तोड कोरड्या दिवसांत, वळवाच्या आधी संपवा. जांभूळ, अंजनी, ऐन यांना बुडख्यातून फुटवे येतात. काप जमिनीलगत, तिरका आणि गुळगुळीत असावा, साल फाटू देऊ नका. पाणी साचलं की बुडखा कुजतो. पुढं फुटव्यांतले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा. त्या तुकड्यात निदान पाच वर्षं जनावरं नकोत, आणि पुन्हा तोडीचा विचार दहा वर्षांनी. फेब्रुवारीच्या आत कडेनं जाळपट्टा (वणवा आत येऊ नये म्हणून मोकळा केलेला पट्टा) काढा. तरव्याची (भाताची रोपं करायची) जागा भाजायला फांद्या लागतात हे मला माहीत आहे. त्या बांधावरच्या झाडांच्या घ्या, रानातल्या पिल्लांचे शेंडे छाटू नका, आणि पाचोळा सगळा लोटून आणू नका.

वाळक्या झाडांबद्दल. वाटेवर, घरावर किंवा गोठ्यावर झुकलेलं असेल तर काढा. बाकी निदान काही तरी उभी ठेवा. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर बाहेरून फळं भरवतो. हाच पक्षी जांभूळ-उंबराचं बी रानभर टाकतो, तुमच्यासाठी फुकट लागवड करतो. पडलेला ओंडकाही राहू द्या. रईची रोपं तर कित्येकदा अशा कुजक्या ओंडक्यावरच रुजतात, आणि आपल्याकडे तो पाऊस शोषून ओल धरून ठेवतो.

उक्त्या सौद्याबाबत माझं ठाम मत: सही करू नका. उक्तं घेणारा पिल्लं, बुडखे, ओढाकाठ काही बघत नाही. झाडं मोजून, क्रमांकवार, घेरानुसारच विका. ऐन-किंजळाच्या तुळयांना आणि पाण्यात टिकणाऱ्या जांभळाला गिऱ्हाईक मिळतं. त्याआधी सातबारा बघा. त्यावर 'खाजगी वन' अशी नोंद असेल तर 1975 च्या खाजगी वनं सरकारकडे घेण्याच्या कायद्याचा प्रश्न येतो, आणि 1996 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार मालकी कोणाचीही असली तरी वनाला वनाचेच नियम लागतात. नोंद नसली तरी साग, ऐन, किंजळ, हिरडा, जांभूळ, खैर, आंबा, फणस ही झाडं 1964 च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आहेत. परवानगी तुमच्या नावावर लागते, म्हणून पकडलं गेलं तर अडकणार तुम्ही, ठेकेदार नव्हे. घेराची वही, सातबारा आणि नकाशा घेऊन आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जा. झाडांना क्रमांक घालायच्या दिवशी गावच्या कृषी सहायकाला सोबत बोलवा.