पहिल्या बोयाआधी

सप्रेम नमस्कार.

सहा किलोमीटरच्या पॅडलबोर्ड (बोर्डवर उभं राहून वल्हवायच्या) शर्यतीत नाव घातलंस हे वाचून बरं वाटलं. पण पत्रात अर्धं पान नव्या बोर्डबद्दल, आणि बोयाभोवतीच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेभोवतीच्या, वळणाबद्दल एकच ओळ, तीही "ते जमेल" अशी! मला हे नेमकं उलटं हवं होतं.

बोर्डचं आधी उरकून टाकतो. शर्यतीत गट पडतात ते बहुतेक लांबीवर, १२ फूट ६ इंच किंवा १४ फूट. हवा भरायच्या बोर्डांना काही ठिकाणी वेगळा गट मिळतो. तू गेले चार महिने ज्या बोर्डवर उभी राहतेस, तोच घेऊन जा. २३ इंच रुंदीचा निमुळता बोर्ड दिसतो देखणा, पण त्यावर तुझी निम्मी ताकद पडू नये म्हणूनच खर्च होईल. वल्हं तुझ्या उंचीहून वीतभर जास्त आहे ना? मग झालं.

तुझ्या वल्हवण्याचा व्हिडिओ तीनदा पाहिला. पातं उलटं धरत नाहीस, हे चांगलं. (मी एका शर्यतीत किलोमीटरभर तसंच धरलं होतं. पात्याचा कल पुढच्या बाजूला हवा, हे काठावरून कुणीतरी ओरडून सांगितलं.) तुझी चूक वेगळी आहे. पातं पूर्ण बुडायच्या आतच तू जोर लावतेस. कान देऊन ऐक: प्रत्येक वल्ह्याला "छपाक" असा आवाज येतोय. म्हणजे पात्याबरोबर हवा आत जातेय, आणि हवेला रेटून बोर्ड पुढे जात नाही. पातं आधी गळ्यापर्यंत, म्हणजे दांड्याला जुळतं तिथपर्यंत, बुडव, क्षणभर थांब, मग खेच. बरोबर झालं की जवळजवळ आवाजच येत नाही. दुसरं म्हणजे पावलांशी आलं की पातं बाहेर काढ. तू ते पार मागे नेतेस. तिथे ते पाणी वर उचलतं, बोर्डची शेपटी (मागचं टोक) खाली दाबतं आणि बोर्ड वाकडा जातो. मग तो सरळ करायला बाजू बदलायची, पुन्हा वाकडा, पुन्हा बदल. सहा किलोमीटरमध्ये हे किती वेळा होईल, मोज.

आता सुरुवात. शिट्टी झाली की सगळे एकदम वल्ही मारतात आणि पाणी उकळल्यासारखं होतं. सपाट तळ्यातही त्या मिनिटभर लाटा चारी बाजूंनी येतात. तू रांगेच्या कडेला उभी राहा, मधोमध नको. पाच सेकंद जातील, जाऊ देत. आठ-दहा छोटी, भराभर वल्ही मारून बोर्ड हलता कर आणि लगेच आपल्या चालीवर ये. माझ्या पहिल्या शर्यतीत मी तीनशे मीटरपर्यंत सगळ्यांच्या पुढे होतो. पहिल्या बोयापाशी छाती भात्यासारखी चालत होती. दुसऱ्या बोयाआधी माझ्या आईच्या वयाच्या एक बाई शेजारणीशी गप्पा मारत मला मागे टाकून गेल्या.

त्यामागचं कारण नुसतं दमाचं नव्हतं. बोर्ड चालताना स्वतःच्या टोकाशी लाट उठवतो. वेग वाढतो तशी ती लाट लांब होते, आणि तिची लांबी बोर्डएवढी झाली की बोर्ड आपल्याच लाटेच्या चढावर अडकतो. बोटी बांधणाऱ्यांचा यावर जुना हिशेब आहे: पाण्यातल्या लांबीच्या फुटांचं वर्गमूळ गुणिले १.३४, की नॉटमधला (ताशी सागरी मैलांतला) वेग मिळतो. साडेबारा फुटांना हा ताशी ८.८ किलोमीटरच्या आसपास येतो, चौदा फुटांना ९.३. ही काही भिंत नव्हे, निमुळते बोर्ड तिच्यापुढेही जातात. पण त्या हद्दीजवळ गेलं की वेग ताशी आणखी अर्धा किलोमीटर वाढवणंही भलतं महाग पडतं. पहिले दोन किलोमीटर चार-पाच शब्दांचं वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे, एवढीच खूण ठेव. मोठ्याने बोल हवं तर, कुणी हसणार नाही.

तुझ्याहून जरा वेगवान कुणी सापडलं तर तिच्या मागे लाग. तिच्या शेपटीपासून हातभर अंतरावर तुझं टोक ठेवलंस, तर तिच्या लाटेवर बोर्ड चक्क हलका होतो. नजर स्वतःच्या टोकाकडे नको, तिच्या खांद्यांकडे; तिचं वल्हं पडेल तसं आपलं. यालाच ड्राफ्टिंग म्हणतात. बऱ्याच शर्यतींत ते आपल्याच गटातल्या स्पर्धकामागे चालतं, दुसऱ्या गटातल्यामागे नाही. सूचनापत्रक वाच. आणि सगळा वेळ फुकट बसू नकोस, थोडा वेळ तूही पुढे हो.

आणि वळण. बोयाभोवती झटकन वळायचं तर एक पाय मागे न्यायचा, शेपटी दाबायची, टोक पाण्याबाहेर आलं की बाहेरच्या बाजूने पुढून मागे मोठा अर्धगोल मारायचा. दोन-तीन वल्ह्यांत बोर्ड भोवऱ्यासारखा फिरतो. गुडघे वाकलेले हवेत. पातं पाण्याला टेकलेलं ठेव, तो तुझा तिसरा पाय. उचललंस की पडलीस. पाय पुढे आणायची घाई मात्र सगळेच करतात, आणि पडतात ते तिथेच. बोर्ड पूर्ण वळून स्थिर झाल्यावरच पुढे ये. सरावात दहापैकी आठ वेळा हे जमत नसेल तर शर्यतीत करूच नकोस. जागेवर उभी राहून बाहेरून मोठे अर्धगोल मार. चार वल्ही जास्त लागतील, पण पाण्यातून पुन्हा बोर्डवर चढण्यापेक्षा स्वस्त. पडायचंच असेल तर बोर्डवर नाही, पाण्यात आडवी पड, आणि वल्हं सोडू नकोस.

वारा समोरून आला की आपलं अंग म्हणजे शीड होतं. कमरेतून वाक, वल्ही छोटी आणि लवकर लवकर मार. गुडघ्यावर बसून किती वल्ही चालतील याचे नियम जागोजागी वेगळे असतात. शर्यतीआधीच्या बैठकीत विचार. पायाची बोटं बोर्डला आवळून धरतेस, तेही सोड, नाहीतर अर्ध्या वाटेत पाय बधिर होतील. लीश (आपल्याला बोर्डशी बांधून ठेवणारी दोरी) आणि लाईफ जॅकेटवर वाद घालायचा नाही. तुझी शर्यत साठलेल्या पाण्यात आहे, म्हणून घोट्याची गुंडाळीची लीश ठीक. वाहत्या नदीत घोट्याला कधीच बांधू नकोस. ती कशात अडकली तर प्रवाहात वाकून सोडवता येत नाही. तिथे कमरेला, एका झटक्यात सुटणारी.

रविवारी वारा उठायच्या आत ये. दोन रिकामे कॅन दगडाला बांधून पाण्यात सोडून ठेवतो, त्यांच्याभोवती वीस वेळा डावीकडून, वीस वेळा उजवीकडून. कोरडे कपडे दोन जोड आण.